रोजच्या धावण्याच्या बुटाची पारख

प्रश्न: मी 41 वर्षांची आहे. गेल्या वर्षभरापासून आठवड्यातून चार दिवस, प्रत्येक वेळी 5 ते 8 किलोमीटर, आरामाच्या गतीने धावते. जुने बूट झिजले म्हणून नवे घ्यायला गेले, तेव्हा दुकानात मला ट्रेडमिलवर धावायला लावून पायांचे चित्रीकरण केले आणि ‘तुमचा पाय आत कलतो’ असे सांगून आधार देणारा डेली ट्रेनर, म्हणजे रोजच्या धावण्याचा बूट, दिला. त्यावर आतापर्यंत सुमारे 60 किलोमीटर झाले आहेत. बूट वाईट वाटत नाही, पण अर्ध्या तासानंतर उजव्या चवड्याला मुंग्या येतात. परीक्षणे वाचावीत तर कोणी याच बुटाला फार मऊ म्हणते, कोणी फार कडक. कामाच्या ठिकाणी दिवसभर उभे राहावे लागते, तिथेही हेच बूट वापरते. हा बूट मला योग्य आहे की नाही, हे मी स्वतः कसे ठरवावे? त्यापेक्षा सोलमध्ये ताठ कार्बन प्लेट बसवलेला बूट घेतला असता तर बरे झाले असते का?

उत्तर: तुमच्या पत्रातली सर्वांत महत्त्वाची माहिती मुंग्यांची आहे, आणि नेमकी तीच तुम्ही जाता जाता सांगितली आहे. दुकानातले चित्रीकरण, परीक्षणांतली मतभिन्नता, कार्बन प्लेट या सगळ्यांपेक्षा तुमच्या उजव्या चवड्याचे म्हणणे अधिक विश्वासार्ह आहे. त्यामुळे आधी मुंग्यांचे पाहू आणि बाकीचे प्रश्न त्यानंतर घेऊ.

धावताना पाय गरम होतात आणि थोडे सुजतात, ही सर्वांच्याच बाबतीत घडणारी गोष्ट आहे. दुकानात पाच मिनिटे घालून पाहिलेला बूट त्या वेळी नीट बसतो आणि अर्ध्या तासाच्या धावण्यानंतर तोच आवळू लागतो, याचे कारण बहुतेक वेळा हेच असते. चवड्याला मुंग्या येण्याची नेहमीची कारणे तीन: बुटाचा पुढचा भाग अरुंद असल्याने बोटांच्या मागची लांब हाडे एकमेकांवर दाबली जातात आणि त्यांच्यामधून जाणाऱ्या नसा चेपल्या जातात, बुटाची नाडी पायाच्या वरच्या बाजूवर जास्त आवळलेली असते, किंवा बूट लांबीलाच कमी असतो. यातले कोणते कारण तुमच्या बाबतीत लागू आहे, हे घरच्या घरी शोधता येते.

त्यासाठी एखाद्या दिवशी धावून आल्यावर लगेच, पाय सुजलेले असतानाच, दोन्ही बुटांतले सुटे इनसोल, म्हणजे पायाखालच्या आतल्या गाद्या, काढून जमिनीवर ठेवावेत आणि धावताना घालता तेच मोजे घालून त्यांच्यावर दोन्ही पायांवर सारखा भार देऊन उभे राहावे. टाच इनसोलच्या मागच्या कडेशी नीट जुळवावी आणि मग वाकून न पाहता दुसऱ्या कोणाला तरी पाहायला सांगावे, कारण आपण वाकलो की भार सरकतो आणि पायाचा आकार बदलतो. करंगळीची किंवा अंगठ्याच्या मुळाची बाजू इनसोलच्या कडेबाहेर स्पष्ट ओघळत असेल, तर बूट तुम्हाला अरुंद आहे. सर्वांत लांब बोटाच्या पुढे हाताच्या अंगठ्याच्या रुंदीइतकी जागा उरायला हवी. अनेकांचे सर्वांत लांब बोट अंगठा नसून त्याच्या शेजारचे असते, ही गोष्ट माप घेताना हमखास विसरली जाते. उजवा आणि डावा पाय तंतोतंत सारखे असणारी माणसे कमी, तेव्हा तुमचा उजवा पाय किंचित मोठा किंवा रुंद निघाला तर आश्चर्य वाटू देऊ नका. बूट नेहमी मोठ्या पायाच्या मापाने घ्यावा.

इनसोलची चाचणी ठीक निघाली, तर संशय नाडीवर घ्यावा. बोटांकडची पहिली दोन छिद्रे सैल ठेवून नाडी घोट्याकडे हळूहळू घट्ट करत न्यावी, म्हणजे चवड्याला पसरायला जागा मिळते आणि टाचही जागेवर राहते. पायाच्या वरच्या बाजूला एखाद्या ठरावीक जागी दाब जाणवत असेल, तर त्या जागेवरून नाडी आडवी न नेता दोन्ही बाजूंना सरळ वर न्यावी आणि पुढच्या छिद्रापासून पुन्हा आडवी ओवावी. एवढ्याने मुंग्या थांबल्या तर बूट बदलण्याचे कारण उरत नाही. मात्र बूट अरुंदच असेल तर ‘वापरून वापरून सैल होईल’ या आशेवर राहू नका. वरचे कापड थोडे फार ताणले जाते. पण तळाची रुंदी बूट ज्या साच्यावर शिवला आहे तीच राहते. बऱ्याच कंपन्या एकच बूट वेगवेगळ्या रुंदीत बनवतात, त्यामुळे नेहमीच्या रुंदीऐवजी रुंद आवृत्ती मागावी. अर्धा नंबर मोठा बूट घेऊन रुंदीची अडचण सोडवू नये, कारण त्यात टाच निसटू लागते आणि बूट जिथे वाकायला हवा ती रेषा तुमच्या बोटांच्या मुळाशी न येता पुढे सरकते.

आता बुटाची पारख. डेली ट्रेनर म्हणजे आठवड्यातले बहुतेक किलोमीटर ज्याच्यावर होतात तो बूट. नाइकीचा पेगासस 1983 पासून ज्या प्रकारात गणला जातो, तो हा प्रकार. शर्यतीच्या दिवशी वेग देणे हे त्याचे काम नाही. तुम्ही आठवड्याला 20 ते 32 किलोमीटर धावता. आरामाच्या गतीत एका किलोमीटरला हजारभर किंवा त्याहून थोडी अधिक पावले पडतात आणि प्रत्येक पावलाला शरीराच्या वजनाच्या दोन ते तीन पट भार जमिनीवर येतो. हा भार पेलण्याचे काम बूट हजारो वेळा, थकलेल्या पायाखाली, कुठेही न टोचता करतो का, एवढेच पाहायचे आहे. म्हणून डेली ट्रेनरची परीक्षा धावण्याच्या पहिल्या किलोमीटरवर करू नये. पहिल्या किलोमीटरला जवळजवळ प्रत्येक नवा बूट छान वाटतो, कारण पाय ताजे असतात आणि नव्या फोमचा मऊपणा सुखावतो. शेवटच्या दोन किलोमीटरांत, जेव्हा पाऊल थोडे आळसावते आणि टाच जोरात टेकू लागते, तेव्हा बूट कसा वागतो ते पाहावे. मग दुसऱ्या दिवशी सकाळी पलंगावरून उतरताना पोटऱ्या, टाचा आणि गुडघे काय सांगतात, हेही नोंदवावे. सारख्याच अंतरानंतर जुन्या बुटात जे दुखत नव्हते ते नव्या बुटात दुखू लागले असेल आणि आठवड्याचे किलोमीटर तुम्ही वाढवलेले नसतील, तर बुटाकडे बोट दाखवायला तुमच्याकडे सबळ कारण आहे.

आरामाला मी इतके महत्त्व देतो, याला आधार आहे. कॅनडातल्या कॅलगरी विद्यापीठाचे बेनो निग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2015 मध्ये असा विचार मांडला की, धावणारा माणूस स्वतःच्या जाणिवेने जो बूट आरामदायक म्हणून निवडतो, त्या बुटात त्याचे सांधे आपापल्या स्वाभाविक मार्गाने हलतात आणि त्यामुळे इजेचा धोका कमी होत असावा. हा अजून निर्विवाद सिद्धान्त नाही. तरीही पायाची ठेवण पाहून बूट ठरवण्याच्या पद्धतीपेक्षा मला तो अधिक पटतो, कारण त्या दुसऱ्या पद्धतीची परीक्षा झाली आहे आणि तिच्या हाती फारसे काही लागलेले नाही. अमेरिकेच्या सैन्यदलांत नव्याने भरती झालेल्यांवर अभ्यास झाले. एका गटाला पायाच्या कमानीच्या आकारानुसार बूट दिले आणि दुसऱ्या गटाला सरसकट एकाच प्रकारचे. कमानीनुसार बूट दिल्याने इजा कमी झाल्या नाहीत. धावण्याच्या बुटांवरच्या अभ्यासांचा 2022 मध्ये प्रसिद्ध झालेला, वैद्यकीय अभ्यास एकत्र तपासणाऱ्या कोक्रेन या संस्थेचा आढावाही पायाच्या ठेवणीनुसार बूट ठरवून दिल्याने फारसा फरक पडत नाही, याच निष्कर्षाकडे झुकतो आणि उपलब्ध पुरावा कमकुवत असल्याचेही सांगतो.

म्हणून ‘तुमचा पाय आत कलतो’ या वाक्याने घाबरून जाऊ नका. टाच टेकल्यानंतर पाय किंचित आत कलणे हा भार पसरवण्याचा शरीराचा नैसर्गिक मार्ग आहे आणि तो जवळजवळ प्रत्येकाच्या पायात असतो. ज्यांचा पाय बराच आत कलतो, त्यांना आधाराच्या बुटांचा फायदा झाल्याचे एका अभ्यासात दिसले आहे, त्यामुळे तुमचा बूट निरुपयोगी आहे असेही मी म्हणत नाही. कमानीखालचा आधार टोचत नसेल आणि गुडघ्यांना बरे वाटत असेल, तर तो बूट खुशाल वापरावा. पण वर्षभर ज्या बुटात तुम्ही विनातक्रार धावलात तो साधा, आधार नसलेला असेल, तर केवळ चित्रीकरणाच्या जोरावर प्रकार बदलण्याची गरज नव्हती. जुन्या बुटाचे नाव आणि आवृत्ती लिहून ठेवावी. पुढच्या खरेदीत तीच तुमची सर्वांत भरवशाची मार्गदर्शक ठरेल.

परीक्षणे एकमेकांना छेद देतात, त्यात कोणी खोटे बोलत असेलच असे नाही. 55 किलो वजनाच्या माणसाखाली जो फोम कडक वाटतो, तोच 90 किलोच्या माणसाखाली खोल दबतो. वेगाने धावणारा चवड्यावर जास्त भार देतो, संथ धावणारा बहुधा टाचेवर. शिवाय बहुतेक डेली ट्रेनरांच्या मिडसोलमध्ये, म्हणजे तळ आणि इनसोल यांच्यामधल्या जाड थरात, ईव्हीए नावाचा फोम किंवा त्याचे मिश्रण असते, आणि हा फोम थंडीत कडक होतो, उन्हाळ्यात मऊ पडतो. म्हणजे एकाच बुटाविषयी दोन ऋतूंत दोन प्रामाणिक मते होऊ शकतात. म्हणून परीक्षण वाचताना आधी लिहिणाऱ्याचे वजन, गती आणि त्याने त्या बुटात कापलेले अंतर शोधावे. यातले काहीच सांगितले नसेल, तर ‘मऊ’ आणि ‘कडक’ या शब्दांना फारसा अर्थ उरत नाही. अशा परीक्षणातून बूट कुठे घासतो, ओल्या रस्त्यावर सटकतो का आणि किती किलोमीटरनंतर तळ झिजला, एवढीच माहिती घ्यावी. वजनदार माणसाने आणि हलक्या माणसाने अशा दोघांनी एकाच दोषाकडे बोट दाखवले, तर तो दोष बहुधा खरा असतो.

बुटाच्या माहितीपत्रकातल्या आकड्यांपैकी एकाकडे मात्र नीट लक्ष द्यावे, तो म्हणजे ड्रॉप. टाचेखालची सोलची उंची आणि चवड्याखालची उंची यांतला हा फरक मिलिमीटरमध्ये देतात, आणि तो शून्यापासून 12 पर्यंत आढळतो. ड्रॉप कमी असेल तर पोटरीवर आणि टाचेच्या मागच्या अकिलीस कंडरेवर ताण वाढतो. जास्त असेल तर भार गुडघ्याकडे सरकतो. कोणताही एक आकडा सर्वांसाठी चांगला नाही, अडचण अचानक होणाऱ्या बदलाने येते. तुमचा जुना बूट 10 मिलिमीटरचा असेल आणि नवा 4 चा, तर पहिले काही आठवडे नवा बूट फक्त लहान फेऱ्यांना वापरावा आणि बाकीच्या दिवशी दुसरा. 8 आणि 10 यांतल्या फरकाची चिंता नको. वजनाचेही तसेच. बुटाचे वजन 100 ग्रॅमने वाढले की धावण्यासाठी लागणारी ऊर्जा साधारण 1 टक्क्याने वाढते, हे मोजून पाहिलेले आहे. म्हणजे 20 ग्रॅमच्या फरकासाठी आरामाच्या गतीने धावणाऱ्याने चांगला बसणारा बूट सोडण्यात काहीच हशील नाही.

सोलची उंची मात्र हाताळून आणि चालून पाहण्याची गोष्ट आहे. रस्त्यावरच्या स्पर्धांसाठी जागतिक ॲथलेटिक्स संघटनेने 40 मिलिमीटरची मर्यादा घातली आहे, पण रोजच्या सरावाला ती लागू नसल्याने त्याहून उंच बूटही मिळतात. उंच, मऊ आणि तळाला अरुंद असा बूट वळणावर घोट्याला डगमगवतो. पदपथावरून खाली उतरताना, रस्त्याच्या उताराच्या कडेने धावताना आणि झटकन वळताना पाय आत स्थिर राहतो का, ते पाहावे. बूट हातात घेऊन टाच आणि टोक धरून वाकवला तर तो बोटांच्या मुळाशी वाकला पाहिजे, कमानीच्या मधोमध नव्हे. टाचेचा कप बोटांनी दाबून पाहावा, आणि इनसोल काढून आत हात घालून शिवणी चाचपाव्यात. बोटाला जी शिवण खरखरीत लागते ती 8 किलोमीटरनंतर कातडी सोलून काढते. टाच वर सरकत असेल तर घोट्याजवळच्या शेवटच्या जादा छिद्रातून नाडीचा लूप करून आवळावी, बहुतेक वेळा तेवढ्याने भागते.

कार्बन प्लेटचा बूट घेतला नाहीत, हे चांगलेच झाले. 2017 मध्ये आलेल्या नाइकीच्या व्हेपरफ्लायपासून या बुटांची लाट आली, आणि वेगाने धावणाऱ्यांना त्यांचा खरोखर लाभ होतो. पण तो लाभ हलक्या, उसळत्या फोम आणि ताठ प्लेटच्या जोडीतून येतो आणि संथ गतीत बराच कमी होतो. ताठ प्लेटमुळे पाय नेहमीप्रमाणे वाकत नाही, तो फोम रोजच्या वापरात लवकर थकतो, आणि दिवसभर उभे राहण्यासाठी तर तो बूट अगदीच चुकीचा आहे.

दिवसभर उभे राहण्याचा विषय निघालाच आहे तर स्पष्ट सांगतो: धावण्याचा बूट कामावर घालणे बंद करावे. उभे राहण्यात आणि चालण्यात पडणारा भार धावण्यापेक्षा कमी असला, तरी तो तासन्‌तास असतो. त्याने फोम दबतो, टाचेची कडा झिजते, आणि संध्याकाळी धावायला निघताना बूट घामाने दमटच असतो. शिवाय किती किलोमीटर झाले याचा तुमचा हिशेबही चुकतो, कारण चालण्याचे अंतर कोणी मोजत नाही. कामासाठी वेगळी, रुंद आणि भक्कम जोडी ठेवावी. शक्य असेल तर धावण्यासाठीही पुढेमागे दोन वेगळ्या प्रकारचे बूट आलटून पालटून वापरावेत. लक्झेंबर्गमधल्या संशोधकांनी 264 धावणाऱ्यांची 22 आठवडे नोंद ठेवली, तेव्हा एकाहून अधिक बूट आलटून पालटून वापरणाऱ्यांत इजेचा धोका 39 टक्के कमी आढळला. हा निरीक्षणाचा अभ्यास आहे, त्यामुळे सगळे श्रेय बुटांनाच देता येत नाही. पण प्रत्येक बूट शरीरावरचा भार थोडा वेगळ्या जागी टाकतो, हे स्पष्टीकरण मला पटण्यासारखे वाटते.

बुटाचे आयुष्य साधारण 500 ते 800 किलोमीटर धरतात. तुमच्या आठवड्याच्या अंतराने ते साधारण चार ते नऊ महिन्यांत होतील. जिभेच्या आतल्या बाजूला वापर सुरू केल्याची तारीख लिहून ठेवावी. तळ झिजलेला दिसण्याच्या आधीच मिडसोल थकतो, म्हणून अधूनमधून बूट सपाट टेबलावर ठेवून मागून पाहावा: एका बाजूला कललेला दिसला, किंवा मिडसोलच्या बाजूवरच्या सुरकुत्या भार नसतानाही खोल आणि कायमच्या झालेल्या दिसल्या, तर त्याला धावण्यातून निवृत्त करावे. टाचेची बाहेरची कडा झिजणे स्वाभाविक आहे. एका बुटाची झीज दुसऱ्यापेक्षा अगदी वेगळी असेल, तर मात्र ते फिजिओथेरपिस्टला दाखवावे. भिजलेला बूट उन्हात किंवा हीटरजवळ वाळवू नये, कारण उष्णतेने डिंक आणि फोम दोन्ही खराब होतात. इनसोल काढून आत कागद कोंबून सावलीत ठेवावा आणि कागद ओला झाला की बदलावा.

तुमच्या आताच्या जोडीविषयी निर्णय असा घ्यावा. या आठवड्यात इनसोलची चाचणी करावी आणि नाडी बदलून दोनदा आपल्या नेहमीच्या अंतराला धावावे. मुंग्या थांबल्या, आणि शेवटच्या किलोमीटरला पायांकडे लक्ष जाईनासे झाले, तर हा बूट तुमचाच आहे. चाचणीत पाय कडेबाहेर गेला किंवा नाडी बदलूनही मुंग्या कायम राहिल्या, तर या बुटात धावणे थांबवावे, दुकानात बदलून मिळतो का ते विचारावे आणि रुंद आवृत्ती संध्याकाळी, स्वतःचे मोजे घालून, दोन्ही पायांत घालून पाहावी. 60 किलोमीटर झाले आहेत, आता कसा बदलू, या संकोचाने त्यात आणखी 500 किलोमीटर ओढू नका. बूट काढल्यानंतरही चवडा बधिर राहत असेल, तिसऱ्या आणि चौथ्या बोटांच्या मध्ये खडा रुतल्यासारखी वेदना होत असेल, एखाद्या हाडावर बोट ठेवताच नेमके तिथेच दुखत असेल, किंवा तुम्हाला मधुमेह असेल, तर बुटाचा विचार बाजूला ठेवून आधी अस्थिरोगतज्ज्ञाला पाय दाखवावेत.